चुकलं-माकलं पदरात घे

आमच्या मामंजींचा आवाज ही पार्से गावातल्या आमच्या वाड्याची, म्हणजे वस्तीची, सार्वजनिक मालमत्ता होती. लग्न असो, नवी विहीर असो की काजूचा हंगाम, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच, गोकुळदासांनीच. ते एकेका देवाचं, राखणदाराचं नाव घेऊन मागणं मागायचे आणि भोवतीचे लोक एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. मी डिचोलीहून सून म्हणून आले तेव्हा मला हे प्रकरण फार लांबलेलं वाटायचं. मागे उभी राहून मी आपली ओठातल्या ओठात 'व्हय' म्हणायचे.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमारास मामंजींचे धाकटे भाऊ, बाबलीकाका, मुरगावला खनिजाच्या बार्जवर कामाला लागले. निघायच्या सकाळी मामंजींनी त्यांच्यासाठी गाऱ्हाणं घातलं. वर्ष सरायच्या आत काकांचा बार्जवरून तोल गेला आणि ते बुडाले.

मामंजी रडले नाहीत. बागायतीत जात राहिले, नारळ उतरवून घेत राहिले. मग शेजारच्या संतोषच्या लग्नात गाऱ्हाण्याला उभे राहिले आणि तोंडातून शब्दच फुटेना. छाती धडधडायला लागली, सदरा घामाने भिजला, नारळ हातातून निसटला. त्यानंतर लग्नाचं आमंत्रण आलं की त्यांचं पोट दुखायचं. सासूबाईंनी खनपटीलाच बसून विचारलं तेव्हा म्हणाले, "माझ्याच तोंडान बाबली गेलो." त्या सकाळी शीव राखणाऱ्या देवचाराचं नाव घ्यायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं.

आता यावर कुणी काय बोलणार? कुणी कौल लावायला सांगितला, कुणी दुसऱ्या गावच्या भटजीचं नाव सुचवलं. एवढ्यात बाबलीकाकांच्या मुलीचं, वर्षाचं, लग्न ठरलं. पोरगी निक्षून म्हणाली, "गाऱ्हाणा थोरल्या बाबानच घालूक व्हया. ना तर कोणीच नाको." मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत.

मी म्हापशाला नोकरीला होते. तिथल्या एका मनाच्या डॉक्टरांबद्दल ऐकलं होतं. मी मामंजींना सरळ बसमध्ये बसवलं. 'सासऱ्याला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेते' असं वाड्यावर कुजबुजणाऱ्यांना मी काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टर कृष्णनाथ फारसं बोलत नसत. त्यांनी आधी सावकाश श्वास सोडायला शिकवलं. मग सराव सांगितला. गाऱ्हाणं पहिल्यांदा बागायतीत एकट्याने म्हणायचं, ते जमलं की गोठ्यात, मग सासूबाईंसमोर, मग आम्हा घरच्यांसमोर. भीती वाटली तरी पळायचं नाही, ती उतरेपर्यंत तिथेच उभं राहायचं. मला आधी हसू आलं. आमची म्हैस रवंथ करत ऐकायची आणि मामंजी घाम पुसत म्हणायचे. पण खरोखरच त्यांची छाती शांत झाली. त्या सरावात सगळी नावं माझीही पाठ झाली.

गाडी अडली ती देवचारापाशी. ते नाव आलं की आवाज बंद. डॉक्टर म्हणाले, यांचं शरीर माझं ऐकतंय, आता मनातलं दुखणं दुसऱ्या वाटेने बघायला हवं. त्यांनी दीपाबाईंकडे पाठवलं. ही बाई मुळगावची, बोलून उपचार करणारी. मामंजींनी मलाही आत बसवून घेतलं.

दीपाबाई आधी बाबलीकाकांबद्दलच विचारत राहिल्या. कसे होते, काय खायचे, भांडायचे का. मामंजी कितीतरी बोलले. पुढच्या एका भेटीत त्यांनी समोर रिकामी खुर्ची ठेवली आणि भावाला सांगायचं राहिलेलं सांगा म्हणाल्या. मामंजी खुर्चीकडे बघून एवढंच म्हणाले, "बाबल्या, तुका धाडूकच नाको होता." आणि ओक्साबोक्शी रडले. मीही रडले.

मग एकदा दीपाबाईंनी त्यांना अख्खं गाऱ्हाणं म्हणायला लावलं. देवचार वगळा म्हणाल्या. मामंजी शेवटच्या ओळीपर्यंत आले. 'काय चुकला-माकला आसात ता पदरात घे, लेकरांक सांभाळ.'

"काका, त्या दिसाक ह्या म्हटलेलात?" दीपाबाईंनी विचारलं.

"ता दर खेपेक म्हणूचाच लागता."

"मगे ता कोणाच्या चुकीसाठी?"

 परतताना बसमध्ये मामंजी आपणहून म्हणाले, इतकी वर्षं मी सगळ्यांसाठी माफी मागितली, माझी चूक त्यात धरलीच नाही.

वर्षाच्या लग्नात मांडवात मामंजी नारळ घेऊन उभे राहिले. आवाज लागला. एकेक नाव घेत ते पुढे गेले, आणि देवचाराचं नाव पुन्हा राहिलं!  त्यांच्याही ध्यानात आलं, कारण ते थांबले. सावकाश श्वास सोडला. मग म्हणाले, "बा देवचारा, तुजा नाव परत मागे रवला. काय चुकला-माकला ता पदरात घे. ज्या दोतोरान आनी ज्या बायेन माका वाचा दिली, तेंका सुखी ठेव. आनी माझ्या बाबलीच्या चेडवाक सांभाळ."

मी सगळ्यांच्या पुढे उभी होते. सगळा मांडव 'व्हय म्हाराजा' म्हणाला, आणि त्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता.