‘आमच्या गावात तसं कुणी न्हाई’: शिरूर ते दौंड, तीन दिवस

या ब्लॉगवर मी गावांची नावं कधी लपवली नाहीत. कुठल्या फाट्याला वळायचं, कुठं जेवायचं, गाडी कुणाच्या दारात लावायची, सगळं सांगते. या वेळी मात्र एका गावाचं नाव सांगणार नाही. ते भीमेच्या काठी आहे, इतकंच. तिथल्या दोन बायकांची नावं आणि काही खुणाही बदलल्या आहेत.

डिसेंबरच्या सुट्टीत वसुधाचा फोन आला. वसुधा माझी कॉलेजची मैत्रीण, संख्याशास्त्र शिकवते. “मला गाडी येत नाही आणि तुला घरात बसवत नाही,” ती म्हणाली. “तीन दिवस शिरूर-दौंडला येतेस?” तिची मदतनीस आजारी पडली होती, त्यामुळे गाडीबरोबर उत्तरं लिहून घ्यायचं कामही माझ्याकडे आलं. ऐकलेलं बाहेर बोलणार नाही, असं मी लिहून दिलं आणि निघाले.

नगर रस्त्याने जाणार असाल तर पहाटेच निघा. आम्ही आठला निघालो आणि वाघोलीतच अडकलो. शिक्रापूरच्या चौकात पुन्हा थांबलो. समोर कंपन्यांच्या बसगाड्या, मागे उसाच्या ट्रॉल्या. तेवढ्या वेळात वसुधाने मला काम समजावलं.

“या भागात किती लोकांना फिट येते, ते काढायचंय.”

“मग दारोदार जाऊन विचार.”

“कोण सांगेल? ठरलेलं लग्न मोडतं. सुनेला माहेरी धाडतात. म्हणून स्वतःबद्दल विचारायचंच नाही, ओळखीच्या माणसांबद्दल विचारायचं.”

आधी समोरच्याच्या ओळखी किती, याचा अंदाज घ्यायचा. तुमच्या ओळखीत शिक्षक किती? एसटीत नोकरीला किती? यंदा कुणाला जुळं झालं का? असे लोक तालुक्यात एकूण किती, ते सरकारी आकड्यांवरून कळतं. त्यावरून या माणसाच्या ओळखीचं वर्तुळ केवढं, हे निघतं. मग विचारायचं, या वर्तुळात फिट येणारे किती? असं शेकडो जणांना विचारलं की लपलेल्यांचाही अंदाज येतो. मला ही युक्ती फार आवडली.

शिरूरला एसटी स्टँडजवळ लॉज घेतला. खोली साधी, चादर स्वच्छ, हजाराच्या आत. झणझणीत मिसळ खाऊन न्हावऱ्याचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना ऊस आणि कांदा. थंडीत हा पट्टा इतका हिरवा असतो की इथं उन्हाळ्यात टँकर येतो हे खरं वाटत नाही.

न्हावऱ्यात पारावर बसलेल्या एका आबांनी शिक्षक, कंडक्टर, जुळी पोरं, सगळ्यांची उत्तरं हौसेनं दिली. शेवटच्या प्रश्नाला मात्र हात झटकले. “फिट? आमच्या गावात तसं कुणी न्हाई. हितली हवाच चांगली हाय.”

शेजारचे आप्पा म्हणाले, “मांडवगणकडं असतील.”

दुपारी मांडवगण फराट्याला गेलो. तिथं एका दुकानदाराने नदीच्या दिशेने बोट केलं. “आमच्यात न्हाई. पल्याड दौंडला इचारा.”

परतताना मला हसू येत होतं. वसुधा लिहिलेली उत्तरं पुन्हा वाचत होती. ती म्हणाली, “ही माणसं खोटं बोलत नाहीत, अनू. त्यांना खरंच माहीत नाही. ओळखीच्या माणसाला सांगितलेलंच नसेल, तर तो तरी कुणाला मोजणार?”

म्हणून दुसरा दिवस दौंडचा होता. आजार असलेल्यांनाच भेटायचं आणि विचारायचं, तुमच्या ओळखीतल्या किती जणांना हे माहीत आहे? म्हणजे पहिल्या आकड्यातली तूट भरून काढता येते. तिथल्या एका डॉक्टरांनी ज्यांची तयारी होती त्यांनाच बोलावलं होतं. (नुसतं दौंडला जायचं असेल तर पुण्याहून रेल्वे घ्या, स्वस्त आणि सरळ. आम्ही शिरूरहून आडवे गेलो, त्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांच्या मागे धीर धरावा लागतो.)

सकाळी संगीता आली. तिशी ओलांडलेली, खणखणीत आवाजाची. नवऱ्याने बाइकवरून आणून सोडलं आणि तो कामाला गेला. तिच्याकडे दोन म्हशी आहेत, आळीत दुधाचा रतीब घालते. लग्नाआधीपासून फिट येते. रोज गोळी घेते, नवरा दर महिन्याला याच दवाखान्यातून आणतो. गेली बरीच वर्षं त्रास नाही.

“किती जणांना माहीत आहे?” वसुधाने विचारलं.

“नवऱ्याला. आन् माझ्या आईला.”

“सासूबाईंना?”

“त्यांना वाटतंय थायरॉइडची गोळी हाय. ताई, आमच्या गावात अशी मी एकटीच हाय. दुसरं कुणी असतं तर मला वळखू आलं असतं की.”

दुपारी रत्नामावशी आल्या. साठीच्या आसपास, विधवा. दोन एसट्या बदलून एकट्याच आल्या होत्या. घरी चष्म्याचं काम सांगितलं होतं. डाव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याची जुनी खूण.

“चुलीवर पडले,” त्या म्हणाल्या. “लोकांना वाटतं पाय घसरला. खरं फक्त मालकांना ठावं हुतं. तेच गोळ्या आणायचे. ते गेले, आन् गोळ्या आणायचं ऱ्हायलं.”

“मग किती दिवस गोळी नाही?”

“झाले की बरेच दिवस. पोराला कसं सांगू? सुनेच्या माहेरी कळलं तर नातवंडांच्या लग्नाला आडवं यायचं.”

त्या गोळीशिवाय होत्या, आणि रोज त्याच चुलीपुढे बसत होत्या. वसुधाने डॉक्टरांना आत बोलावलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, एकटीने प्रवास करू नका म्हणून बजावलं. मावशींनी मान हलवली. पण दर महिन्याला गोळ्या आणणार कोण?

मग वसुधाने ओळखींचे नेहमीचे प्रश्न विचारले. गाव कुठलं, रोज कोण कोण भेटतं? मावशींनी गाव सांगितलं. देवळामागची आळी सांगितली. म्हणाल्या, “सकाळ-संध्याकाळ दूध घालाया संगी येती. लई गुणाची पोर. बाकी कोण येतंय म्हातारीकडं?”

हेच गाव, हीच आळी मी सकाळी संगीताच्या नावापुढे लिहिली होती. माझं लिहिणं थांबलं. वसुधाने माझ्याकडे पाहिलंही नाही, पुढचा प्रश्न विचारला.

मावशी गेल्यावर स्टेशनजवळच्या खानावळीत आम्ही बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ घेऊन बसलो. मी पहिल्या घासाआधीच सुरू झाले. “संगीताचा नवरा दर महिन्याला त्याच दवाखान्यात येतो. दोन घरांचं अंतर आहे! एक वाक्य सांगायचंय फक्त.”

“त्या आपल्याशी बोलल्या, कारण आपण सांगणार नाही म्हणालो.”

“आणि उद्या त्या चुलीत पडल्या तर?”

वसुधाने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. “तू आता उसळ खा,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी उसळ वाढून घेतली.

संध्याकाळी तिने डॉक्टरांशी आणि तिच्या वरिष्ठांशी फोनवर बोलून एक वाट काढली. दोघींना वेगवेगळं, नाव-गाव न सांगता विचारायचं. त्या हो म्हणाल्या तरच पुढे.

तिसऱ्या दिवशी त्या गावात घरोघरी विचारायचं आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे आम्ही आळीत शिरलो याचं कुणाला नवल वाटलं नाही. देवळासमोर चिंच आहे, पुढे नदी चकाकते. एरवी मी तिथं तासभर फोटो काढले असते.

संगीताच्या ओसरीवर सासूबाई समोरच होत्या. शेवटच्या प्रश्नाला संगीताने सरळ माझ्याकडे पाहून सांगितलं, “न्हाई. वळखीत कुणी न्हाई.”

मी शून्य लिहिलं.

रत्नामावशींच्या घरी मुलगा आणि सून शेजारी बसले होते. मावशी लसूण सोलत होत्या. “न्हाई बाई,” त्या म्हणाल्या. “तसं कुणी ऐकण्यात न्हाई.” मुलगाही म्हणाला, “आमच्या आळीत तर न्हाईच.”

तिथंही शून्य. आळीतल्या सगळ्या घरांपुढे मी शून्य लिहिलं. पहिल्या दिवशी आवडलेली ती युक्ती आता माझ्या हातात जड झाली होती.

संगीता म्हशींना वैरण टाकायला मागे गेली, तिथं वसुधाने तिला गाठलं. “दवाखान्यात येणारी दुसरी कुणी बाई भेटायला तयार झाली, तर तुम्ही भेटाल?”

“कुठली हाय?”

“ते मला सांगता येणार नाही.”

“मग आधी तिला तिचं नाव सांगू द्या.”

मावशींना परसात विचारलं. त्यांचं उत्तर लगेच आलं. “भेटीन की. पण आपल्या गावची नको.”

झालं. आम्ही गाडीकडे निघालो. मी किल्ली फिरवणार, तोच संगीता दुधाची बाटली घेऊन धावत आली. आळीला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाली, “ताई, च्याला दूध ऱ्हायलं!” मग खिडकीत वाकली. “माझं नाव सांगा तिला.”

वसुधा म्हणाली, “संगीताताई, नीट विचार करा. ती तुमच्या गावातलीसुद्धा असू शकते. आणि कदाचित ती तिचं नाव सांगणार नाही.”

“असू द्या. न्हाई सांगितलं तर ऱ्हायलं. मला लगीन झाल्यावर पैल्यांदा फिट आली तवा मी कांद्याच्या वाफ्यात पडले हुते. शुद्धीवर आले तर भवती कुणीच नव्हतं. अंगाचा चिखल मीच धुतला आन् घरी जाऊन भाकऱ्या थापल्या. तवा कुणी म्हणलं असतं, मलाबी हुतं, तर… कुणीतरी आधी सांगाया पायजे. मी सांगते.” आणि बाटली माझ्या मांडीवर ठेवून गेली.

नदीवरच्या पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. वसुधाने मावशींच्या साध्या फोनवर फोन लावला आणि स्पीकर चालू केला. शेजारी कुणी नाही ना, आणि माझ्याबरोबरची बाई ऐकतेय, चालेल ना, हे आधी विचारलं.

“मावशी, तुम्ही गावातली नको म्हणालात. पण गावातल्याच एका बाईने तिचं नाव तुम्हाला सांगायला परवानगी दिली आहे. तुम्ही कोण, हे तिला माहीत नाही. ऐकायचं का?”

पलीकडे शेळी ओरडत होती.

“सांगा.”

“संगीता.”

“आमची संगी?” आवाज एकदम बारीक झाला. “रोज दारात येती… इतकुशी पोर… कसं काढलं असंल तिनं?” मग घाईघाईने, “माझं तिला सांगू नका,” आणि फोन बंद.

आम्ही पुण्याला परतलो. येताना चौफुल्याहून सोलापूर महामार्ग घेतला. मोठा रस्ता आहे, हडपसरपर्यंत गाडी कुठं थांबत नाही. मला वाटत होतं, इतकं करून काहीच झालं नाही. वसुधाच्या मनात काय होतं, मी विचारलं नाही.

सुट्टी संपली, मी शिकवते ती शाळा सुरू झाली. काही आठवड्यांनी संगीताने वसुधाला फोन केला. हे लिहायला हरकत नाही ना, असं वसुधाने नंतर दोघींना वेगवेगळं विचारलं. मावशी म्हणाल्या, “लिवा. गाव तेवढं घालू नका.” म्हणून फोनवर काय झालं, ते सांगते.

संगीता म्हणाली, रत्नाआक्का संध्याकाळी दूध घेतात आणि तिला जाऊ देत नाहीत. “बस जरा भाकरी हुईस्तवर,” म्हणतात. ती चुलीजवळ बसते. आक्का भाकऱ्या थापतात, इकडचं तिकडचं बोलतात. आजाराचा शब्द नाही. मग एके दिवशी, सून बाहेर गेलेली बघून, आक्का म्हणाल्या, “तुझा नवरा दौंडला जातो न्हवं? माझ्या बीपीच्या गोळ्या आणशील का?” आणि नमुन्यासाठी रिकामं पाकीट तिच्या हातात दिलं.

“ताई,” संगीता म्हणाली, “ती माझीच गोळी हुती.”

“मग तुम्ही काय म्हणालात?” वसुधाने विचारलं.

“काय म्हणणार? म्हणलं, आणते की आक्का. दर महिन्याला आणते.”

वसुधाचा आकडा अजून तयार व्हायचा आहे. तो निघेल तेव्हा मोठा असेल, एवढं ती सांगते. मला त्यातलं गणित अजूनही पुरतं कळत नाही. पण मी लिहिलेली ती सगळी शून्यं आजही तशीच आहेत, कारण कुणालाच ती खोडायची परवानगी नाही. आणि त्या आळीत संध्याकाळी एका चुलीपुढे दोघी बसतात.