आक्काचा जोगवा आणि न लागलेलं बंदर

भर समुद्रात जोगवा मागणारी आमच्या तेर गावातली पहिली बाई म्हणजे माझी थोरली बहीण, आणि याला सर्वस्वी माझं नियोजन जबाबदार आहे.

नियोजन हा शब्द मी उगाच वापरत नाही. निवृत्त होईपर्यंत मी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. (म्हणजे खिडकीच्या आत बसून, बाहेरच्याच्या तोंडाकडे न बघता "लागंल, लागंल, गाडी लागंल" म्हणणारा माणूस.) निवृत्त झालो तसा पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, तुमचं, आईचं आणि आत्याचं क्रूझचं बुकिंग केलंय. मुंबई, गोवा, कोची आणि परत!"

आमची ही, सुमन, लगेच बॅग काढून बसली. अडचण आक्काची होती. आई गेल्यावर मला वाढवलं ते आक्कानं, पण ती स्वतः कधी लांब कुठं गेली नाही. कारण मंगळवार! दर मंगळवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन ती पाच घरी देवीचा जोगवा मागते. मिळालेल्या पिठाची भाकरी होईपर्यंत पोटात अन्न नाही. सासूनं परडी हातात दिल्यापासून एक मंगळवार चुकलेला नाही. लेकीच्या लग्नाची हळदसुद्धा जोगवा मागून आल्यावर लागली.

"जहाज कवा निघतंय?" आक्कानं विचारलं.

"शनिवारी."

"आन माघारी?"

"गुरुवारी."

"मंग मंगळवारी म्या काय माशांच्या दारात जाऊ?"

मी गालातल्या गालात हसलो. मंगळवारी सकाळी जहाज कोचीला लागणार होतं आणि कोचीत आमच्या गल्लीतला भिवा सोनं आटवायच्या धंद्यात होता. त्याच्या आसपास सगळी मराठी बिऱ्हाडं. फोन लावला तर म्हणाला, "या की आण्णा! पाच न्हाय, सात घरं देतो."

"बघ आक्का, धक्क्यावर उतरायचं, पाच घरं मागायची, जेवायच्या वेळेला परत जहाजावर! मी शब्द देतो तुला."

"शब्दाचं ऱ्हाऊ दे, दत्ता. जोगवा चुकला तर म्या देवीला तोंड कसं दावू, त्ये सांग." बोलली ती सहज, पण बोलताना परडी तिनं पोटाशी धरली होती. तरीही आक्का आली, केवळ माझ्या शब्दावर.

गोवा वेळेवर आलं. त्यानंतर मी सबंध जहाजावर छाती काढून फिरलो. "याला म्हणतात टायमिंग!"

"अहो, जहाज तुम्ही चालवताय का?" सुमन म्हणाली.

मंगळवार उजाडला. आक्का आंघोळ करून, मळवट भरून, माळ घालून डेकवर कोचीची वाट बघत उभी. कोचीऐवजी आली घोषणा. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. कोचीच्या तोंडाशी समुद्र खवळला आहे, जहाज बंदरात जाणार नाही, इथूनच परत फिरणार. गैरसोयीबद्दल दिलगीर!

मी धावत चौकशीच्या काउंटरवर गेलो. तिथं एक मुलगी कॉम्प्युटरमध्ये बघत बसली होती.

"मॅडम, येडशीचा रस्ता बंद झाला की आम्ही गाडी तेरवरून काढतो," मी हिंदीत समजावलं. "तुम्ही पण जरा आडमार्गानं, कोचीच्या मागच्या बाजूनं घुसवा ना!"

"सर, पीछे जमीन है."

"मग पुढं काय?"

"सूचना मिलते ही बताएँगे, सर." वर न बघता!

हे तर माझ्याच "लागंल, लागंल"चं हिंदी होतं हो! न बघण्याची पद्धतसुद्धा माझीच! उभ्या नोकरीत मी ते किती लोकांच्या तोंडावर फेकलं असेल, आणि आता कोण कुठली पोरगी भर समुद्रात ते मला परत करत होती.

खाली आलो. आक्काला सांगितलं. मला वाटलं ती भडकेल. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर परडी मांडीत घेऊन बसली. त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडू यायचंच बाकी होतं.

थोड्या वेळानं ती उठली आणि दार उघडून बाहेर बघत राहिली. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारंच दारं.

"दत्ता, ही कशाची दारं?"

"खोल्या आहेत. आपल्यासारखी माणसं राहतात."

"निजत्यात, उठत्यात? नवरा-बायकू भांडत्यात?"

"शेजारचे तर रात्रीपासून भांडतायत," सुमन म्हणाली.

"मंग घरंच की!" असं म्हणून आक्कानं पदर खोचला आणि शेजारच्या दारावर थाप मारली. "आई राजा उदो उदो! जोगवा वाढा!"

दारात एक गुजराती काका, तोंडात ब्रश. त्यांनी घाईघाईनं नोट पुढं केली.

"पैसा नगं. पीठ घाला, पीठ!"

जहाजावर पीठ कुठलं? चढताना घरचं खाणं नेऊ देत नव्हते. (नियम म्हणजे नियम, म्हणून आमची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मी स्वतः पहारेकऱ्याच्या स्वाधीन केली होती. सुमन त्यावर अजून बोलते.) पण काकांच्या मागून काकू आल्या, बोळात इकडं तिकडं बघितलं, बॅगेतले कपडे बाजूला सारले आणि खालून खाकरे काढले! परडीत चुरा पडला. पहिलं घर झालं.

मग तर कमालच झाली. जहाजावर माझ्याखेरीज नियम पाळणारा कुणी नव्हताच! पुढच्या दारी बिहारचे एक आजोबा निघाले, त्यांनी उशीखालून सातू काढला. तिसऱ्या दारी तान्ह्या बाळाच्या आईनं नाचणीचं पीठ घातलं. चौथ्या दारी नागपूरचं नवं जोडपं. त्या पोरीकडं काहीच नव्हतं. ती कावरीबावरी झाली, मग आईनं निघताना ओटीत घातलेले तांदूळ तिनं पिशवीतून काढले. आक्कानं तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, तशी पोरगी रडायलाच लागली.

आणि तेवढ्यात पांढऱ्या गणवेशातला अधिकारी आला. दारं वाजवण्याची तक्रार गेली होती.

"ये किसके साथ हैं?"

मी भिंतीवरचं चित्र बारकाईनं बघू लागलो.

आक्का मात्र त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "लेकरा, तुजं घर कुठलं रं?"

सुमननं हिंदीत सांगितलं. तो हसला. "माताजी, फिलहाल तो यही जहाज घर है."

"मंग पाचवं घर तुजं!" आक्कानं परडी पुढं केली.

मग त्यानं वॉकीटॉकीवर काहीतरी सांगितलं. भटारखान्यातून वाटीभर गव्हाचं पीठ आलं. त्यानं टोपी काढली आणि स्वतःच्या हातानं ते परडीत घातलं.

"आई राजा उदो उदो!" आक्कानं असा आवाज लावला की बोळातली सगळी दारं उघडली. बंदर चुकल्यामुळं रिकामी बसलेली ती माणसं, अर्थ न कळता, एका सुरात ओरडली, "उदो उदो!" बायका रांग लावून परडीत काय काय घालू लागल्या. परडीत न मावणारं सामान धरायला मी पिशवी घेऊन मागं.

सातू, नाचणी, तांदूळ, खाकरा आणि गहू यांची भाकरी याआधी पृथ्वीवर कुणी केली नसावी. तांदूळ वाटण्यापासून भाकरी उलटण्यापर्यंत आक्का भटारखान्याच्या काउंटरच्या अलीकडून हुकूम सोडत होती आणि पलीकडं उंच टोपीवाला आचारी "जी माताजी, जी माताजी" करत होता. आधी पाचही घरांना तुकडा गेला, मग आक्का जेवली.

"दत्ता, इतक्या लांब लांबची घरं मला कंदी मिळाली नव्हती बग," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. माझेही.

गुरुवारी मुंबई जवळ आली तशी गोव्यानंतर गेलेली फोनची रेंज परत आली. मी ऐटीत स्पीकर लावून भिवाला फोन केला. "भिवा, माफ कर बाबा. जहाजानं ऐनवेळी दगा दिला. मंगळवारी तुम्ही सगळे वाट बघत बसला असाल."

"वाट कशाची, आण्णा? आमी समदी बिऱ्हाडं रयवारी रातीच जत्रंला गावाकडं आलोय! तुमाला फोन लावून लावून थकलो, लागलाच न्हाय. कोचीत कुलपं हायती समद्यांच्या दाराला!"

म्हणजे जहाज ठरल्याप्रमाणे वेळेवर लागलं असतं, तर जोगवा नक्की चुकला असता!

मी हळूच फोन बंद केला. आक्का परडी पुसत होती. तिनं मान वर केली आणि मोठ्या मायेनं म्हणाली, "दत्ता, तू रिटायर झालास त्ये लई बरं झालं बग. आता लोकं तरी येळंवर पोचत्याल."