बिसाहिनच्या हातातली थापी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आणि खात्यात माझी ओळख काय, तर चूक कबूल करणारी बाई! ही ओळख कशी झाली, तेच सांगायचंय – सांगवत नाही, तरी सांगते.

नवं राज्य झालं तेव्हाची गोष्ट. रायपूर राजधानी झालं आणि साहेब जास्त, खोल्या कमी अशी गत झाली. सदर बाजाराजवळच्या एका जुन्या कचेरीत नवं कार्यालय यायचं होतं. मी ज्युनिअर इंजिनिअर. आतल्या भिंतींवर कुणीतरी पूर्वी सिमेंट फासलेलं, त्यानं ओल कोंडून विटा भुसभुशीत झालेल्या. ते खरवडून हायड्रॉलिक चुन्याचं प्लास्टर करायचं होतं. हा चुना ओल बाहेर पडू देतो, पण स्वतः घट्ट व्हायला त्याला ओलच लागते. ओली पोती टांगून ठेवायची, वारा लागू द्यायचा नाही. मला हे ठाऊक होतं. पाठ होतं म्हणा.

मिस्त्र्यांचा हात सिमेंटला सरावलेला, त्यांना चुना दाबून-दाबून घोटायचा कंटाळा. बिसाहिन ही अभनपूरकडची रेजा, म्हणजे घमेली वाहणारी मजूर बाई. तिनं जन्मभर घराच्या भिंती छुहीमातीनं, म्हणजे पांढऱ्या मातीनं सारवलेल्या. एकदा सहज तिच्या हातात थापी दिली, आणि काय हात चालला तिचा! बायकांना थापी कुणी देत नाही. मिस्त्री कुरकुरले, मी ऐकलं नाही. केवढी मिरवले मी तेव्हा.

मोठ्या खोलीचं प्लास्टर तिनं केलं आणि छेरछेराच्या सणाला गावी गेली. जाताना म्हणाली, ‘‘दीदी, बोरा ला झन हटाबे.’’ पोती काढू नकोस, एवढंच.

मी काढली. साहेब पाहायला येणार होते, भिंत काळपट ओली दिसत होती, रंगारी ताटकळलेले. खिडक्या उघडल्या, दोन मोठे पंखे लावले, दोन दिवस चालू ठेवले. भिंत पांढरी झाली. मला बरंसुद्धा वाटलं – आता काय सांगू?

साहेब आमच्या नागपूरकडचे. त्यांनी भिंतीवरून तळवा फिरवला, तर वाळू झरझर खाली आली. ‘‘काहून झडून राहिलं हे? कोणी लावलं?’’

पंखे तोवर मी उचलून ठेवले होते. मान खाली घालून म्हणाले, ‘‘रेजाच्या हातात थापी मीच देल्ली, साहेब. चूक माहीच आहे.’’

कळलं ना काय केलं मी? खापर तिच्या डोक्यावर फोडलं आणि मोठेपणा स्वतः घेतला. साहेब खूश झाले. इतकं सरळ कबूल करणारी माणसं आता उरली नाहीत, म्हणाले. मिस्त्री हसले. मी एक बाई असून, बाईच्या हातानं काम बिघडतं हे त्यांना लिहून दिल्यासारखंच केलं.

बिसाहिन परतली. भिंत बोटानं खरवडली, पोत्यांकडे पाहिलं आणि मला विचारलं, ‘‘पानी डारे रहेस, दीदी?’’ पोत्यांवर पाणी मारलं होतंस ना?

मी म्हणाले, ‘‘हव.’’ हो म्हणाले.

तिनं भांडायला हवं होतं. माझ्याकडे संशयानं तरी बघायला हवं होतं. तिनं नुसते आपले तळवे पाहिले, उलटे-सुलटे. मग घमेलं उचललं. तिचा माझ्यावर विश्वास होता – याचं काय करायचं असतं?

काही वर्षांनी दुसऱ्या एका जुन्या इमारतीच्या कामावर ती भेटली, घमेलं वाहत होती. चुन्याचंच काम होतं, हात कमी पडत होते, मुकादमानं तिला थापी देऊ केली. तिनं मान हलवली. ‘‘मोर हाथ म नइ बनय, भैया. एक घाव बिगाड़ डारे रहेंव.’’ माझ्या हातून नाही जमत, एकदा बिघडवलंय. माझ्याकडे बघून ओशाळवाणं हसलीही, जणू मी साक्षीला उभी होते. मी मुकादमाला म्हणाले, बरं, दुसरं कुणी बघा.

बिसाहिनचा हात चांगला होता. भिंत मी बिघडवली.