उतारासाठी सायकल

मिर्झापूरच्या दक्षिणेला विंध्याचं पठार जिथे संपतं, तिथून एक कच्ची वाट खाली नदीच्या पात्रात उतरते. सहाएक किलोमीटर. वर सपाट खडक, मधे सुट्या दगडांचा तीव्र उतार, मग कोरडा नाला आणि शेवटी वाळू. वाटेच्या दोन्ही अंगांना ओल्या कपारींत नेचे उगवतात. त्या नेच्यांवर मी पीएच.डी. करत होते. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरच्या वर्षांतली. विभागाची जीप बंद पडून बरेच महिने झाले होते. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "पावसाळा संपला की दोन महिने रोज खाली जाऊन नोंदी घ्याव्या लागतील. जमत नसेल तर आत्ताच विषय बदल."

मुक्कामाला वनखात्याचं विश्रामगृह होतं, पण ते पठारावर. पायी खाली जाईपर्यंत ऊन चढायचं आणि पानं मिटायला लागायची. म्हणून मी घरची जुनी लेडीज सायकल बसच्या टपावर टाकून तिकडे नेली. तिसऱ्या दिवशी सुट्या दगडांच्या उतारावर पुढच्या ब्रेकचा रबर निखळून पडला. मागचा ब्रेक नुसता किरकिरत राहिला. सायकल वेग घेऊ लागली तेव्हा मी चपला जमिनीला घासून पाहिल्या. एक चप्पल मागे राहिली. समोर वळण होतं आणि वळणाच्या पलीकडे फक्त आकाश दिसत होतं. मी हँडल उजवीकडे घाणेरीच्या जाळीत घातलं. हनुवटीला चार टाके पडले.

बनारसला घरी आल्यावर सांगितलं, ओल्या खडकावरून पाय घसरला. आईने विश्वास ठेवला. बाबांनी अंगणात ठेवलेली सायकल उचलून चाक फिरवलं आणि म्हणाले, "पाय घसरल्यावर चाक वाकत नाही."

बाबा रेल्वेच्या सिग्नल विभागात होते. ते ओरडत नसत. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "हे काम सोड. नेचे काय, दुसरं कोणी मोजेल."

मी सोडणार नव्हते, पण भीती मात्र आत बसली होती. पंचगंगा घाटावरून आमच्या गल्लीत येताना पायऱ्या चढायला ठीक वाटायचं. उतरताना भिंतीचा आधार घ्यावा लागायचा. ज्या पायऱ्या मी लहानपणापासून धावत उतरले होते, त्या आता एकेक मोजत उतरायचे. वळणापलीकडचं ते आकाश डोळ्यांपुढे यायचं.

आमच्या वरच्या खोलीत तेव्हा एक जर्मन भाडेकरू राहायचा. बासरी शिकायला आलेला, सहा फुटांहून उंच, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. त्याने आपल्या देशातून एक सायकल आणली होती. पुढच्या चाकालाही धक्के झेलणारा शॉकर, मागच्यालाही. तो ती खांद्यावर घेऊन गल्लीतून जायचा आणि सकाळी गर्दी नसताना घाटाच्या खालच्या पायऱ्यांवरून चक्क उतरवायचा. मी पाहिलं होतं. चाकं प्रत्येक पायरीला खालीवर व्हायची, पण त्याचं डोकं एका रेषेत पुढे सरकायचं. तो वसंतात परत जाणार होता आणि सायकल इथेच कोणाला तरी द्यायचा त्याचा विचार होता. माझी हनुवटी पाहून तो म्हणाला, "दीदी, आपको ऐसा साइकिल चाहिए."

त्याच सुमारास बाजारातही 'डबल शॉकर' म्हणून देशी सायकली यायला लागल्या होत्या. लाल-पिवळ्या, जाड नळ्यांच्या, मागे सीटखाली मोठी स्प्रिंग असलेल्या. कॉलेजची मुलं ऐट म्हणून घ्यायची. मी बाबांना म्हटलं, "काम सोडणार नाही. सायकल बदलते. तुम्ही बघायला चला."

त्यांनी वाकलेलं चाक पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "चल. पण चालते कशी ते नंतर. आधी थांबते कशी ते बघायचं."

आमच्या ओळखीचा एक मिस्त्री लहुराबीरजवळ बसायचा. म्हातारा, एका डोळ्याने अधू. त्याने दुकानातली डबल शॉकर मागवून घेतली, भाडेकरूने आपली आणली, आणि दोन्ही शेजारी उभ्या केल्या. मिस्त्रीने देशी सायकलच्या सीटवर तळहात ठेवून सगळा भार टाकला आणि हात एकदम काढून घेतला. सीट वर आली, खाली गेली, वर आली, खाली गेली. चार झोके झाले तेव्हा थांबली.

"देखिए," तो म्हणाला, "ई सिरिफ स्प्रिंग है. पत्थर पर चढ़ेगी तो बिटिया को उछाल देगी."

मग तेच त्याने जर्मन सायकलला केलं. सीट सावकाश वर आली आणि तिथेच थांबली. तिच्या शॉकरमध्ये स्प्रिंगबरोबर तेल होतं. ते झोका गिळून टाकत होतं. मिस्त्री कौतुकाने तिच्यावरून हात फिरवत राहिला. पण मला तिच्यावर बसवलं तेव्हा माझे पाय जमिनीला टेकेनात. सीट पूर्ण खाली घेतली तरी नुसते अंगठे टेकत होते.

"छोटी हैं," मिस्त्री बाबांना म्हणाला. "और इसका सामान बनारस में नहीं मिलेगा. जंगल में टूटा तो टूटा."

"मग कोणती घ्यायची?" मी विचारलं.

त्याने खांदे उडवले. "ढलान पर ले जाइए. वही बताएगी."

रविवारी आम्ही तिघं, बाबा, भाडेकरू आणि मी, दोन्ही सायकली बसच्या टपावर बांधून निघालो. दुकानदाराने डबल शॉकर एका दिवसासाठी ओळखीवर दिली होती. बाबा का आले ते मला कळलं नव्हतं. बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत राहिले.

पठाराच्या कडेला पोचलो. भाडेकरूने दाखवलं: उतारावर सीटवर बसायचं नाही, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून त्यांवर उभं राहायचं, अंग मागे घ्यायचं, गुडघे सैल. "पत्थर मत देखो, दीदी. जिस पत्थर को देखोगे, उसी पर जाओगे. रास्ता देखो."

बाबा म्हणाले, "मी जरा पुढे चालत जातो. ती वळणाची जागा बघून येतो." आणि ते गेले. ते कडेलाच थांबतील असं मी धरून चालले.

मी आधी जर्मन सायकल घेतली. सुट्या दगडांवर आले आणि खरंच, दगड जाणवलेच नाहीत. ज्या जागी माझ्या लेडीज सायकलने दात खिळखिळे केले होते, तिथे हातांत नुसती गुरगुर येत होती. क्षणभर वाटलं, एवढं सोपं होतं का हे. त्या सोपेपणातच माझी चूक झाली. दगड जाणवत नव्हते म्हणून वेगही जाणवत नव्हता. झाडं केवढ्या वेगाने मागे जात आहेत हे लक्षात आलं तेव्हा वळण आलंच होतं.

वळणाच्या मधोमध बाबा उभे होते. पाठमोरे, वाकून वाट न्याहाळत.

हाक मारायला वेळ नव्हता. मी दोन्ही ब्रेक दाबले. ते ब्रेक इतके तेज होते की पुढचं चाक जागीच रुतलं आणि मागचं उचललं गेलं. पाय टेकायला गेले तर खाली जमीनच नाही. मी डाव्या अंगावर आदळले, सायकल माझ्याखालून सुटून दगडांवरून घसरत गेली आणि बाबांच्या पायांपासून हातभर अंतरावर थांबली. ते वळले तोवर सगळं होऊन गेलं होतं. पेडल अजून फिरत होतं.

माझं कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नाही. मी उठून त्यांच्याकडे गेले तर ते खाली दगडावर बसले. दोन्ही हातांनी त्यांनी दगडाची कड धरली होती. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा, तुम्हाला लागलं का?"

"नाही." मग ते म्हणाले, "मी नोकरीला नवीन होतो तेव्हा आम्ही चौघं ढकलट्रॉलीवरून रुळांची पाहणी करत होतो. ढलानावर ट्रॉलीचा ब्रेक गेला. आम्ही तिघांनी उड्या मारल्या. चौथ्याने ब्रेक सोडला नाही, शेवटपर्यंत ओढत राहिला. त्याचा पाय गेला." त्यांनी पायाशी पडलेल्या सायकलकडे पाहिलं. "तेव्हापासून चाक उतारावरून येताना दिसलं की मला बघवत नाही. तुझ्या आईला हे सांगितलेलं नाही."

भाडेकरू वरून धावत आला, आम्हाला दोघांना बसलेलं पाहून लांबच थांबला. मी बाबांशेजारी बसून राहिले. इतके दिवस मला वाटत होतं की ते मला अडवत आहेत. त्यांच्या मनातही तीच भीती होती, आणि माझ्यापेक्षा कितीतरी वर्षं जुनी.

"परत जाऊ या का?" मी विचारलं.

"दुसरी बघायची राहिली ना," ते म्हणाले. "आलोच आहोत तर बघ. मी इथे बाजूला उभा राहतो. वाटेत नाही येणार."

डबल शॉकर घेऊन मी पुन्हा वर गेले. ती इतकी जड होती की ढकलतानाच धाप लागली. उतरताना मिस्त्रीने सांगितलं तसंच झालं. प्रत्येक मोठा दगड मला उडवत होता, आणि एका धक्क्याचे झोके संपायच्या आत दुसरा धक्का येत होता. ब्रेकही कच्चे, पूर्ण दाबले तरी सायकल सरकत राहायची. मी जीव मुठीत धरून, माणसाच्या चालीने उतरले. पण वळणाआधी भीती वाटली तेव्हा दोन्ही पाय सपाट जमिनीवर टेकले आणि मी थांबले. बाबा बाजूच्या झाडाला धरून उभे होते. त्यांनी डोळे मिटलेले होते.

"थांबले मी," मी म्हटलं. "बघा."

परतीच्या बसमध्ये मी भाडेकरूला सांगितलं की त्याची सायकल मला झेपणार नाही. त्याला वाईट वाटलं असावं, कारण ती फार चांगली सायकल होती. तो म्हणाला, "मेरे पास ब्रेक का एक सेट और है. वो ले लो." त्याने तो सेट खरंच काढून दिला, पैसे घेतले नाहीत.

डबल शॉकर घेतली. मिस्त्रीने तिच्या पुढच्या-मागच्या नळ्यांवर वेल्डिंगने खुंट्या बसवून ते ब्रेक लावले. दोन दिवस तो त्यातच होता. बाबा ऑफिसमधून येताना रोज तिथे थांबायचे. मागच्या स्प्रिंगच्या पोटात मिस्त्रीने ट्रकच्या बुशचा जाड रबर कापून बसवला. मग तळहाताने सीट दाबून सोडली. एकदा वर आली, जराशी खाली गेली, थांबली. बाबांनी स्वतः दाबून पाहिलं. पाचसहा वेळा. नंतर दोन्ही चाकं हवेत फिरवून ब्रेक दाबले, चाक किती फिरून थांबतं ते पाहिलं, आणि तारांचं प्रत्येक टोक बोटाने ओढून बघितलं. सिग्नल तपासत असावेत तसं.

"दर आठवड्याला ब्रेकचा रबर बघायचा," ते मला म्हणाले. "बघितल्याशिवाय ढलानावर जायचं नाही."

ऑक्टोबरच्या अखेरीस मी पहिल्यांदा एकटीने ती वाट उतरले. भीती गेली असेल असं मला वाटलं होतं. गेली नव्हती. विश्रामगृहाच्या फाटकातच मी तीनदा ब्रेक दाबून पाहिले. सुट्या दगडांवर मी वाटेकडे बघत राहिले, दगडांकडे नाही. वळणापाशी थांबून पाय टेकले, श्वास घेतला, पुढे गेले. नाल्यात मागचं चाक दोनदा घसरलं. दुसऱ्या वेळी मी ओरडले, ऐकायला कोणी नव्हतं. नदीची वाळू लागली आणि सायकल आपोआप रुतून थांबली.

मला उतरता येईना. बोटं ब्रेकवर आवळलेली होती आणि ती सुटतच नव्हती. काठावर गवत कापणारी एक बाई माझ्याकडे बघत होती. तिने विळा खाली ठेवला, जवळ आली आणि काही न विचारता माझं एकेक बोट सरळ केलं, आधी उजव्या हाताचं, मग डाव्या. मग पदराने माझ्या कपाळावरचा घाम पुसला.

"कहाँ से आवत हऊ?" तिने विचारलं.

मी वर पठाराकडे हात केला. ती वाटेकडे बघत राहिली आणि तिने नुसती मान हलवली.

तिच्या लोट्यातलं पाणी पिऊन मी पहिल्या कपारीपाशी गेले. नेच्यांची पानं अजून उघडी होती. वही काढली. अक्षर इतकं वाकडंतिकडं आलं की ते पान पुढे मॅडमना दाखवताना मला नव्याने उतरवून काढावं लागलं. त्या दोन महिन्यांत मी चाळीसेक वेळा ती वाट उतरले, दोनदा पडले, आणि एकदाही न घाबरता उतरले नाही. बाबांना दर शनिवारी गावातल्या टेलिफोन बूथवरून फोन करायचे. ते आधी ब्रेकच्या रबराचं विचारायचे. मग माझं.