कॉर्कमध्ये मोडलेली एकादशी

मंडळी, अजून धडधडतंय.

आई मैत्रिणींबरोबर आयर्लंडला गेलीय. आजची कॉर्क शहरातली चालत फिरून खायची टूर मीच इथून, हॅमिल्टनहून, बुक केलेली. सकाळी कॅलेंडर पाहिलं तर एकादशी! आईला डायबेटिस, त्यात तीन तास उपाशीपोटी चालायचं. फोन उचलेना.

शेवटी तिचाच आला. "अगं, पाव-चीज खाल्लं मी. ती गाइड पोरगी इतक्या प्रेमाने देत होती, नाही कसं म्हणू?"

उपास सोड म्हणून मी दहा वर्षं घसा कोरडा करतेय. माझं एकदाही ऐकलं नाही.

म्हणूनच जास्त घाबरलेय. खरंच प्रेमापोटी खाल्लं, की चक्कर आली म्हणून? तुमची आई फोनवर खरं सांगते का हो?