दिगूअण्णा आणि पुढचे पाटे

समोर कुठलंही वाहन उभं दिसलं की दिगूअण्णा त्याच्या पुढे जाऊन दोन्ही हातांनी ते खाली दाबत, मग हात झटकन काढून घेऊन ते किती वेळ वरखाली होतं ते पाहत. चाकांवरच्या पोलादी पाट्यांची, म्हणजे स्प्रिंगांची, ती परीक्षा असे. लॉरी, टांगा, डॉक्टरांची मोटार, त्यांनी काहीही सोडलं नाही. आमच्या आळीतल्या एका लग्नात नवरदेव मोटारीत बसला आहे आणि दिगूअण्णा पुढून मोटार दाबताहेत, हे मी स्वतः पाहिलं आहे. वरबापाला वाटलं, ठाण्याकडची काही रीत असेल. त्यानं अण्णांच्या हातावर नारळ ठेवला. अण्णांनी तो घेतला आणि सांगितलं, "उजवीकडचा पाटा बसलाय. मुलाला सावकाश न्या."

मी नौपाड्यात त्यांच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने मागायला गेलो, तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी माझी सायकल दाबली. "पुढच्या चाकाचा चिमटा ढिला आहे," ते म्हणाले. "माणूस असो की गाडी, मागचं काहीही चालतं, पुढचं सरळ पाहिजे." आणि खोल्या दिल्या.

लढाईच्या काळात दिगूअण्णा कल्याणच्या लष्करी डेपोत सुट्या भागांच्या कोठारावर हेडक्लार्क होते; गाडी चालवायलाही तिथेच शिकले. लढाई संपली, डेपो आटोपला आणि अण्णा घरी आले, ते साहेबी टोपी आणि "क्वालिटी" हा शब्द घेऊन. लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या तेव्हा त्यांनी बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, पाटल्या मोडून एक पिकअप घेतली. कल्याण ते ठाणे भाजीपाला वाहायचा, मग दुसरी गाडी, मग तिसरी, असा बेत होता. पहिली गाडी ठाण्यात आली ती बैलजोडीनं ओढून आणलेली. पुढचा डावा पाटा मोडलेला होता आणि चाक ज्या जाड खिळीवर वळतं ती किंगपिन झिजून खुळखुळत होती. म्हणजे बिघाड एवढाच. इंजिन ठणठणीत होतं, हे अण्णाच सांगत.

गाडी अंगणात दगडांवर चढवली, दारावर "कर्णिक ट्रान्सपोर्ट" अशी पाटी लागली आणि भाग निवडायला सुरुवात झाली.

ही निवड वर्षानुवर्षं चालली. विलायती पाटा मिळेना म्हणून डिस्पोजलचा, लष्करानं विकायला काढलेला, बघितला, तर त्याची "हिस्टरी" ठाऊक नव्हती. देशी पाटा लोहारानं भट्टीतून काढून दाखवला, तर अण्णा म्हणाले, "याला पाणी बरोबर दिलेलं नाही." किंगपिनभोवती बसायचे पितळी बुश मऊ ठरले, पोलादी कडक ठरले. संध्याकाळी ओसरीवर चार निवृत्त माणसं जमत आणि किंगपिनवर चर्चा होई. त्यांतल्या एकाकडेही गाडी नव्हती, त्यामुळे मतं अगदी निर्भीड असत. चहा वहिनी करत. घर चालत होतं ते वहिनींच्या पापड-मसाल्यांवर आणि आमच्या भाड्यावर.

कल्याणला उस्मानभाईंचं जुन्या भागांचं दुकान आणि शेजारी गॅरेज होतं. अण्णा तिथे दर रविवारी जात. पाटा उचलत, वाजवत, कानाशी धरत आणि परत ठेवत. एकदा उस्मानभाई वैतागून म्हणाले, "अण्णासाब, पाटा पसंत करताय की जावई?"

"जावई बदलता येत नाही, म्हणून लोक बघून घेतात," अण्णा म्हणाले. "पाटा बदलता येतो, म्हणून जास्त बघावा लागतो."

या वाक्याचा अर्थ उस्मानभाईंना कळला नाही. मला अजून कळलेला नाही. वहिनींच्या कानावर गेलं तेव्हा त्या पापड लाटता लाटता म्हणाल्या, "मला बघायला आले होते तेव्हा पोहे संपायच्या आत हो म्हणाले. तेव्हा नाही कुठला कॅटलॉग मागवला!"

एव्हाना डोंबिवलीला नवी घरं उठू लागली होती. विटा, कौलं, चुना वाहायला गाड्या मिळेनात. एक कंत्राटदार आपण होऊन अण्णांकडे आला. "गाडी कधी निघेल?" त्यानं विचारलं. अण्णांनी त्याला किंगपिनचं तत्त्वज्ञान समजावून दिलं. तो चहा पिऊन गेला आणि त्यानं दुसऱ्याची लॉरी ठरवली. पुढच्या आठवड्यात विलायती माल बंदरात उतरणार म्हणून अण्णा मुंबईला चुलतभावाकडे मुक्कामाला गेले, आणि वहिनींनी मला हाक मारली. "चला हो जरा कल्याणला. सोबत पाहिजे."

उस्मानभाईंनी सवयीनं सगळे भाग मांडले. वहिनींनी एकालाही हात लावला नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, ही गाडी तुमची असती आणि तुमची मुलं तीत बसणार असती, तर तुम्ही काय बसवलं असतंत?"

उस्मानभाई दाढी खाजवत राहिले. "बाई, हे अजून कोणी विचारलंच नव्हतं." मग त्यांनी भराभर सांगितलं: किंगपिन आणि बुश नवे, पाटे मात्र दोन्हीकडचे बदलायचे, एकाच गाडीतून काढलेली जोडी घ्यायची, नाहीतर गाडी एका अंगावर चालते. वहिनी म्हणाल्या, "बसवा."

उस्मानभाईंची माणसं अंगणात येऊन काम करून गेली. अण्णा परतले तेव्हा गाडी चार चाकांवर उभी होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पुढे जाऊन गाडी दाबली. ती खाली गेली, वर आली आणि थांबली. अण्णांनी पुन्हा दाबली. "उजवीकडे जरासं..."

"जेवायला चला," वहिनी म्हणाल्या.

जेवताना अण्णांनी गाडी रस्त्यावर काढायला ठाम नकार दिला. क्वालिटीची खात्री नव्हती. वहिनींनी त्यांच्या पानात भात वाढला आणि शांतपणे सांगितलं, "गाडी उभी होती तोवर तुम्ही ट्रान्सपोर्टवाले होतात. आता ड्रायव्हर व्हावं लागेल, म्हणून घाबरताय." भिंतीपलीकडे मला सगळं ऐकू येत होतं. पुढे ओसरीवरची बैठकही मोडली. चालत्या गाडीवर बोलायला त्या मंडळींकडे काही नव्हतं. वहिनींनी एक ड्रायव्हर ठेवला, विटांच्या खेपा सुरू झाल्या आणि अण्णा ओसरीवर एकटे टोपी घालून बसू लागले.

त्याच सुमारास माझी बदली कल्याणला झाली आणि मी डोंबिवलीत जागा घेतली. सुमनला, माझ्या बायकोला, सातवा महिना होता. सामान न्यायच्या दिवशी ड्रायव्हर गावाला गेलेला. वहिनी ओसरीवर येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, सुमनकडे पाहिलं, टोपी काढून खुंटीला लावली आणि किल्ली मागितली.

सुमन पुढे त्यांच्या शेजारी बसली, मी मागे भांड्यांत. अण्णा इतके सावकाश चालवत होते की कळव्याच्या पुलापर्यंत एक हातगाडी आम्हाला मागे टाकून गेली. मुंब्र्याच्या पुढे उतारावर समोरून गवताची बैलगाडी आली, बैल बुजले आणि गाडी आडवी झाली. अण्णांनी स्टिअरिंग वळवलं. पिकअपचं पुढचं डावं चाक धाडकन खड्ड्यात गेलं, उसळून बाहेर आलं आणि आम्ही रस्त्याच्या कडेला सरळ उभे राहिलो. माझ्या अंगावर पिंप पडलं होतं.

अण्णा खाली उतरले. तोंड पांढरं पडलं होतं. मला वाटलं, आता हे गाडीखाली शिरणार आणि संध्याकाळपर्यंत बाहेर येणार नाहीत. ते चाकाकडे न बघता वळसा घालून सुमनच्या बाजूला गेले.

"पोरी, पोटात दुखलं का गं?"

"नाही अण्णा. दचकले फक्त."

"नक्की?"

"नक्की."

अण्णा तिथेच मैलाच्या दगडावर बसले. बराच वेळ त्यांनी धोतराच्या सोग्यानं मान पुसली. मग मला म्हणाले, "उस्माननं काम चोख केलंय." थोड्या वेळानं, जरा हळू, "आमच्या हिनंही."

डोंबिवलीला सामान उतरल्यावर सुमननं चहा ठेवला, तर ते थांबेनात. उद्या कौलांची खेप होती.

पुढे बरीच वर्षं ते स्वतः गाडी चालवत होते. गेले ते झोपेत, आजारबिजार काही नाही. खांदा द्यायला डोंबिवलीचे गवंडी आले होते, उस्मानभाई आले होते. ओसरीवरच्या बैठकीतलं कोणी आलेलं मला आठवत नाही. शेवटच्या वर्षांत तरुण पोरं त्यांच्याकडे सल्ल्याला येत, कुठला पाटा घालू, देशी की विलायती, म्हणून विचारत. मी भेटायला गेलेलो असलो, तर आता अण्णा तासभर बोलणार म्हणून सावरून बसे. पण ते एवढंच विचारत, "तुझ्या शेजारी कोण बसणार आहे, ते आधी सांग."