कौतिकभाऊंचा मुंबईचा पाहुणा

कौतिकभाऊ मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना जळगाव स्टेशनावरून भाड्याच्या मोटारीने फैजपूरकडे आणायचे आणि दिवसभर केळीच्या बागा दाखवायचे. त्या साली सरकार जमिनी मोजून काढून घेणार, अशी हूल उठली होती. म्हणून हातात वही घेतलेला एक पाहुणा आमच्या बागेपाशी मोटारीतून उतरला, तशा माझ्या सासूबाई बांधावरच आडव्या उभ्या राहिल्या.

"कौतिक, सरकारी माणूस हाये का हा?"

"नाही अक्का, फिरायला आलाय. पैसे देऊन."

"पैसे देऊन केळी बघतो? येडा हाये का?"

मी मनात देवीचं नाव घेतलं. तेवढ्यात पाहुण्याने एक कोवळा घड दाखवला, पण बोट वाकवून. सरळ बोट दाखवलं तर घड सडतो, असं आमच्याकडे मानतात. सासूबाईंचा चेहरा जरा निवळला. मग त्या कौतिकभाऊंकडे वळल्या.

"वाटेत तूच पढवलं ना याला?"

कौतिकभाऊंनी मान खाली घातली. प्रत्येक पाहुण्याला ते मोटारीत आधी हेच शिकवत.

"वही मोटारीत ठेव म्हणावं याला," सासूबाई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. पण पाहुणा जाईपर्यंत त्याच्या मागोमाग चालत राहिल्या.